‘इनिट.डी’ सरसकट पुसू नका



डेबियनच्या जुन्या संगणकांवर सिस्टमडी आल्यावर सेवा सुरू करणाऱ्या जुन्या स्क्रिप्टचे ‘इनिट.डी’ फोल्डर सरळ रिकामे करावे, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला घातक आहे. 2015 च्या डेबियन 8 पासून सिस्टमडी ही सेवा सुरू करणारी डीफॉल्ट व्यवस्था झाली खरी. पण ज्या सेवेची स्वतःची युनिट फाइल नाही, ती या फोल्डरमधील जुन्या स्क्रिप्टवरूनच सुरू होत राहिली. शिवाय पॅकेजसोबत आलेली स्क्रिप्ट हाताने पुसली, तर पॅकेज अद्ययावत करूनही ती सहसा परत येत नाही. मग जुन्या व्यवस्थेकडे वळायचे कसे? म्हणून फाइल कोणत्या पॅकेजची, हे आधी पाहावे. पॅकेज काढून टाकलेले असेल तरच त्याचे उरलेले अवशेष ‘पर्ज’ करावेत. आमच्या भामरागड, एटापल्लीकडे बंद पडलेल्या यंत्रासाठी जाणकार लगेच मिळत नाही. शिक्षकबंधूंनो, काहीही पुसण्याआधी त्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्या.

– एक संगणकशिक्षक, आलापल्ली (जि. गडचिरोली)