शेवटची खिळी ठोकण्याआधी

खिशातला घडीचा चाकू कसा आहे, हे जाणकार माणूस धारेवर बोट फिरवण्याआधीच ओळखतो. तो नखाने पाते ओढून उघडतो आणि सावकाश मिटतो. पाते स्प्रिंगवरून न अडखळता सरकले पाहिजे आणि पूर्ण उघडताना, पूर्ण मिटताना ‘टक्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. इंग्रजी कारागिरांनी या दोन गुणांना दिलेली नावे मराठीत ‘चाल’ आणि ‘बोल’ अशी होतील. कुलूप नसलेल्या या पारंपरिक चाकूचे सगळे काम पाठीतल्या स्प्रिंगवर, म्हणजे एका पोलादी पट्टीवर चालते. पात्याचे बूड त्या पट्टीवर दाबून फिरते आणि त्या दाबानेच पाते जागच्या जागी राहते. बूड केसभर जास्त घासले गेले तर पाते डुगडुगते, कमी घासले तर उघडताना नख मोडते. बुडाजवळ एक लहानसा उंचवटाही ठेवलेला असतो. चाकू मिटला की तो स्प्रिंगवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. हा उंचवटा नीट उतरला नसेल तर दर वेळी मिटताना धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि नवाकोरा चाकू चार दिवसांत एकाच जागी बोथट पडतो. कापण्यासाठी घेतलेली वस्तू नुसती मिटून ठेवल्यानेच बिघडत असेल, तर तिच्या मुठीला लावलेल्या हाडाची किंवा शिंगाची नक्षी कितीही देखणी असली तरी काय उपयोग?

हे सगळे दुरुस्त करण्याची वेळ एकच असते, चाकू पक्का जोडला जाण्याआधीची. कसबी कारागीर पाते, स्प्रिंग आणि पितळी पट्ट्या आधी कच्च्या खिळ्यांवर जुळवतो, उघडमीट करून पाहतो, पुन्हा सगळे सुटे करून कानशीने दोन हात मारतो आणि पुन्हा जुळवतो. मन भरले की खऱ्या खिळ्या ठोकतो. त्यांची डोकी घासून अशी सपाट करतो की मुठीच्या धातूत ती दिसेनाशी होतात. आजच्या बऱ्याच आधुनिक चाकूंना स्क्रू असतात, पाते सैल वाटले तर मालक घरी पाव फेरा पिळून घेतो. अडकित्त्याची खिळी सैल झाली तर हातोडीचा एक ठोका पुरतो. इथे तसे नाही. स्प्रिंग आणि पितळी पट्टी यांच्यामधून उजेड दिसत असेल, तर खिळ्या भोक पाडून काढाव्या लागतात, आणि त्यात मुठीवरचे हाड तडकण्याची भीती मोठी. म्हणूनच ‘दोष निघाला तर परत पाठवा, आयुष्यभराची हमी आहे’ हे वाक्य या धंद्यात तपासणीची जागा घेऊ लागते, ते मला मान्य नाही. हमी असावीच. पण गिऱ्हाइकाला कारखान्याचा शेवटचा तपासनीस करून टाकणे ही सेवा नव्हे, आपले काम दुसऱ्यावर ढकलणे आहे.

चांगली तपासणी ही आजच्या व्यवस्थापनशास्त्राची देणगी आहे आणि पारंपरिक धंद्याला ती परकी आहे, अशी एक समजूत असते. इतिहास नेमका उलटा आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड परिसरात 1624 साली संसदेच्या कायद्याने चाकू, कोयते आणि कात्र्या करणाऱ्यांची ‘कंपनी ऑफ कटलर्स’ स्थापन झाली. तिच्या कारभारात एक मास्टर, दोन वॉर्डन आणि चोवीस साहाय्यकांबरोबर सहा तपासनीस नेमलेले होते. धारेला पोलादच वापरायचे आणि आपल्याला नेमून दिलेली खूणच मालावर उमटवायची, असे बंधन कायद्यातच होते. खोटा माल शोधणे हे त्या सहा जणांचे काम. आज आपण ज्याला ब्रँड म्हणतो ती खूण तिथे मुळात जबाबदारीची पावती होती. चाकू वाईट निघाला तर तो कोणाच्या दारात नेऊन टाकायचा, हे पात्याच्या बुडावर कोरलेले असे. या संघाची कारागिरांवरची पकड जाचक होती हे खरे आहे. बाहेरच्याला धंद्यात शिरू न देण्यासाठी तिचा वापर झाला आणि 1814 च्या कायद्याने ती सैल करून धंदा सर्वांना खुला केला, ते योग्यच झाले. पण दार उघडताना तपासनीसही उठून जावा, असे काही ठरलेले नव्हते. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या पात्यांवर ‘शेफील्ड’ छापून माल खपवला जाऊ लागला, तेव्हा ब्रिटनला 1887 मध्ये मालावरच्या खुणांचा कडक कायदा करावा लागला. गंमत अशी की पुढे झोलिंगेनचेच नाव इतके मोठे झाले की ते राखण्यासाठी जर्मनीने 1938 मध्ये वेगळा कायदा केला. फ्रान्समधल्या लायोल गावाची हकीकत अधिक दुखरी आहे. मधमाशी कोरलेल्या चाकूने हे गाव जगाला माहीत झाले, पण ते नाव एका बाहेरच्या माणसाने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले आणि आपल्याच नावासाठी गावाला वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्या काळात या नावाखाली कुठला माल कुठे विकला गेला, याचा ताळमेळ कोणालाच लावता आला नसता.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा बचाव पाहू. हाताने केलेल्या वस्तूत थोडे उन्नीस-बीस असणारच, तेच तिचे सौंदर्य, असे म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. हरणाच्या शिंगाचे दोन तुकडे सारखे नसतात. हाडाला रंग चढतो तो प्रत्येक वेळी वेगळा. तीन पात्यांच्या चाकूत पाती एकमेकांना चुकवून जावीत म्हणून ती मुद्दाम किंचित वाकवलेली असतात, त्यामुळे पाते मधोमध बसत नाही आणि शेजारच्या पात्याला थोडे घासूही शकते. हा दोष नाही, त्या रचनेचा स्वभाव आहे. पण धार स्प्रिंगवर आपटणे, पाते बाजूला हलणे, पोलादाला पाणी नीट न चढणे, यांत हाताचा ठसा कुठे आहे? हा फरक माणसाच्या हाताने पडतो असे म्हणणे हा हाताचा अपमान आहे, कारण कसबी हाताची ओळखच ही की तो असे होऊ देत नाही. आणि यंत्राने केले म्हणजे परंपरा बुडते, असेही नाही. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावी सुरू केलेली कर्मशाळा म्हणजे आजची व्हिक्टोरिनॉक्स. स्विस सैनिकांच्या चाकूंची पहिली खेप झोलिंगेनहून आली होती, 1891 पासून एल्सनर यांनी ते देशातच करायला घेतले. 1897 च्या त्यांच्या अधिकारी-चाकूत एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या अवजारांना पुरवण्याची युक्ती होती. तिथेही खिळ्याच, तिथेही स्प्रिंगच. तरी प्रचंड संख्येने निघणाऱ्या या चाकूची चाल एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत सारखी लागते आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातल्या ओपिनेलने वेगळा रस्ता धरला. 1890 पासून चालत आलेल्या त्या चाकूची रचनाच इतकी साधी ठेवली की चुकायला जागा कमी राहिली: पाते, लाकडी मूठ, खिळी, एक कडे आणि 1955 मध्ये आलेले फिरते कुलूप-कडे. पावसाळ्यात लाकूड फुगून पाते अडकते, हा त्याचा ठाऊक असलेला अवगुण, आणि मूठ टेबलावर ठोकून पाते सैल करायचे हा त्यावरचा उपाय लोक खुशीने सांगतात. जो दोष रचनेत आहे आणि आधी सांगितलेला आहे, त्याबद्दल गिऱ्हाईक सहसा रागावत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्या बाजूलाही चूक आहे. शंभर डॉलरच्या वरचा चाकू घेऊन एकदाही आंबा न कापणारे, भिंगाखाली सांधे पाहून केसाएवढ्या फटीसाठी वस्तू परत पाठवणारे संग्राहक आहेत. त्यांच्या हट्टापायी भाव वाढले तर रोज चाकू वापरणाऱ्या माळ्याने, सुताराने ते का सोसावे, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर तपासणी सोडणे हे नसून मर्यादा जाहीर करणे हे आहे. कारखान्याने छापून सांगावे: पाते किती बाजूला असले तरी चालेल, स्प्रिंग उघड्या, अर्ध्या आणि मिटलेल्या स्थितीत किती वरखाली चालेल, उघडायला किती जोर लागावा, पात्याचा कठीणपणा रॉकवेल मापावर कोणत्या दोन आकड्यांत असेल. मग तक्रार आली की ‘हे आमच्या मर्यादेत बसते’ किंवा ‘नाही बसत, चूक आमची’ असे सरळ उत्तर देता येईल. आज मर्यादा कारखान्याच्या मनात असते आणि अपेक्षा गिऱ्हाइकाच्या मनात, मग पत्रव्यवहार लांबत जातो आणि शेवटी मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नवा चाकू मिळतो, गप्प बसणाऱ्याला मिळत नाही. हा अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही. मर्यादेबाहेर गेलेला नग दुय्यम म्हणून, तसे स्पष्ट छापून, कमी भावात विकावा. कष्टाने केलेले पाते भंगारात टाकायची गरज नाही.

तपासणीने भाव वाढतील, हा हिशेब अर्धाच मांडलेला असतो. परत आलेला चाकू उघडणार कोण? ज्याला खिळ्या काढून, हाड न तोडता स्प्रिंग बसवता येते तोच. म्हणजे कारखान्यातला सर्वांत कसबी, बहुधा सर्वांत वयस्कर माणूस. जोडणीच्या टेबलावर पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती पुढे त्याचा तासभर खाते, वर टपालखर्च वेगळाच. आणि या माणसांची संख्या वाढत नाही. शेफील्डच्या स्टॅन शॉ यांनी 1941 मध्ये पोरवयात हे काम हाती घेतले आणि पुढची अनेक दशके पातेही स्वतः केले, स्प्रिंगही स्वतः आणि मूठही स्वतः. 2021 मध्ये वयाच्या 94 व्या वर्षी ते गेले. ब्रिटनमध्ये ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ या संस्थेच्या धोक्यातल्या कारागिरींच्या यादीत घडीच्या चाकूचे काम आहे. आयुष्यभराची हमी नेमकी कोणाच्या आयुष्याची, हे मग विचारावेच लागते. दुरुस्त करणारा हातच उरला नाही तर हमीचा अर्थ ‘बदली नग’ एवढाच उरतो, आणि वीस वर्षे खिशात वापरून काळसर झालेल्या पोलादाला, हाताच्या घामाने पिकलेल्या हाडाला बदली नसते. शिवाय हमी सगळ्यांना सारखी पोचतही नाही. कारखान्याच्याच देशातल्या गिऱ्हाइकासाठी चाकू परत पाठवणे म्हणजे टपालाचे पाकीट. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या माणसाला कुरिअरवाल्याला पाते स्वीकारायला राजी करण्यापासून परतीच्या सीमाशुल्कापर्यंत सगळे झेलावे लागते. दूरच्या गिऱ्हाइकाची खरी सेवा माल निघण्याआधीच होते.

खुणेला पुन्हा जबाबदारी जोडता येते, याचा एक जुना आणि स्वस्त नमुना अमेरिकेत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने 1970 पासून पात्याच्या बुडावर दहा ठिपके कोरायला घेतले आणि दर वर्षी एक ठिपका कमी करत नेला. ठिपके मोजले की चाकू कोणत्या साली झाला ते कळते. संग्राहकांना त्यात खेळ सापडला, पण मला त्याचे मोल वेगळे वाटते. कोणत्या साली कोणत्या पोलादात, कोणत्या जोडणीत खोट होती, हे वस्तूवरूनच शोधता येते. त्याच्या जोडीला, आतल्या पितळी पट्टीवर जिथे बाहेरून दिसणार नाही तिथे, शेवटची जुळणी करणाऱ्याची आद्याक्षरे कोरायला काय लागते? चांगल्या कामाचे श्रेयही मग त्याच्यापर्यंत पोचेल, दोषाची तक्रार तर पोचेलच.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. हिंदी सिनेमाने बदनाम केलेल्या रामपुरी चाकूच्या गावी, उत्तर प्रदेशातल्या रामपूरला, 2023 साली चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. त्या कारागिरांची दखल घेतली गेली याचा आनंदच आहे, पण चौकातल्या चाकूने कर्मशाळेतल्या पोलादाला पाणी चढत नाही. महाराष्ट्रातही 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे आपण कौतुकाने सांगतो. असे मानांकन मागताना मालाच्या तपासणीची यंत्रणा कोणती, हे अर्जात लिहावेच लागते. तो रकाना भरून फाईल बंद करायची, की शेफील्डच्या त्या सहा जणांसारखी माणसे खरोखर नेमून त्यांना बाजारात आणि कर्मशाळेत फिरायला पाठवायचे, हे आपल्याच हातात आहे. रामपूरच्या एखाद्या लोहाराने उद्या आपली खूण, सालाचा आकडा आणि दुरुस्तीचा पत्ता पात्यावर कोरून चाकू विकायला काढला, तर त्याचा पहिला नग कच्च्या खिळ्यांवर असताना कोणीतरी तो उजेडासमोर धरून पाहायला हवा.