परवाना कुणासाठी?

आमच्या घरी माझ्या आजीचा मिरजेचा तंबोरा आहे. अमेरिकेतली नात गाणे शिकू लागली, तेव्हा तो तिला पाठवावा असे घरात ठरले. अडचण एकच होती : त्याच्यावर हस्तिदंताची नक्षी आहे. वडिलांनी मालकीचा दाखला काढून ठेवला होता, म्हणून मी निर्धास्त होतो. चौकशीअंती कळले, की तो दाखला वस्तू घरात बाळगण्यापुरता. परदेशी धाडण्यासाठी नव्हे. मी चिडलो. जो हत्ती माझ्या जन्माआधीच मेला, त्याचे आता संरक्षण ते काय करायचे?

राग ओसरल्यावर पटले, की हस्तिदंतावर त्याचे वय लिहिलेले नसते. आजीच्या तंबोऱ्याला वाट मोकळी केली, तर काल मारलेल्या हत्तीचा दातही उद्या कुणाच्या तरी आजीचा होईल. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराला आळा घालणारा ‘साइटिस’ करार १९७३ साली वॉशिंग्टनला झाला. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. आशियाई हत्ती त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे व्यापाराला दार बंद. दुसऱ्या परिशिष्टातल्या जातींचा व्यापार चालतो, पण परवाना घेऊन.

मात्र याच कराराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या शिसवीचा भाऊबंद म्हणजे उत्तरेतला शिशम. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेला तो मुद्दाम लावला जातो. दुर्मिळ मुळीच नाही. पण चीनमधल्या उंची फर्निचरच्या हौसेपायी मादागास्कर आणि आग्नेय आशियातली त्याची भावंडे बेसुमार तोडली गेली. कापलेल्या फळीवरून जात ओळखणे कस्टमच्या अधिकाऱ्याला अवघड, म्हणून २०१६च्या जोहान्सबर्ग परिषदेत सारे कुळच दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले. दहा किलोंवरच्या प्रत्येक मालाला परवाना आला. शिशमच्या वस्तूंची आपली निर्यात वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांची होती, ती ५०० ते ६०० कोटींवर आली. सुमारे ५० हजार कारागिरांच्या पोटाचा हा प्रश्न होता.

२०१९ साली तयार वाद्यांना सूट मिळाली. शिशम यादीतून काढण्याची भारताची मागणी मात्र फेटाळली गेली. अखेर २०२२ मध्ये पनामा येथे खुलासा झाला, की दहा किलोंची मर्यादा प्रत्येक नगाला लावावी, सबंध मालाला नव्हे. एका वाक्याच्या खुलाशाला सहा वर्षे! बड्या निर्यातदाराने ती काढली असतील. सहारनपूरच्या सुताराने कशी काढायची?

नियम सैल करा, असे माझे म्हणणे नाही. हत्तीच्या बाबतीत तो आहे तसाच कडक हवा. पण ज्या नियमाने कारागिराचा हात थांबतो, तो त्याला आधी, त्याच्या भाषेत कळला पाहिजे. कोणते लाकूड, कोणते शिंग, कोणते पीस चालत नाही, याची साधी मराठी यादी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लावायला कितीसा खर्च येणार आहे? चोराला पळवाटा ठाऊकच असतात. अडतो तो न विचारता काम करणारा सरळ माणूस.

नातीसाठी आम्ही मिरजेहून नवा, हस्तिदंताविना तंबोरा घेतला. आजीचा कोपऱ्यात उभा आहे. सुट्टीत आली, की नात तोच लावून बसते.