दोष पाखरांचा नाही

ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात आणि आपण त्यांना चोर म्हणतो. वास्तविक तपकिरी दाण्याच्या ज्वारीत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. दुसरे काही मिळत असेल तर पाखरे तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. पण तिची भाकरी तुरट, पचायलाही जड. म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पांढरी, गोड ज्वारी निवडली. झाडाचे हत्यार काढून घेतले आणि गोफण पोरांच्या हाती दिली! माझी निम्मी शाळा माळ्यावर गेली. यंदा तिथे धाकटी बहीण उभी आहे. राखण मोठ्यांनी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांना तसे बोललो. ते म्हणाले, "मग तूच ये सुट्टीत." येतो म्हणालो.