तीन दिवसांत दोन फायनल! अमेरिकेतले कोच कॉलेजच्या रनर्सना जास्त पळवतात का?

जून २०२४. अमेरिकेतल्या युजीन शहरात एनसीएएची, म्हणजे तिथल्या कॉलेजांची राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा सुरू होती. फ्लोरिडा विद्यापीठाची पार्कर वॅल्बी गुरुवारी १०,००० मीटर पळाली आणि जिंकली. शनिवारी ५,००० मीटरला उतरली आणि तीही जिंकली. वेळ १४ मिनिटं ५२.१८ सेकंद, म्हणजे कॉलेज पातळीवरचा नवा विक्रम.

कौतुक झालंच. पण अशा प्रत्येक 'डबल'नंतर एक जुना वाद पुन्हा निघतो : कोच या मुलामुलींना झेपेल त्यापेक्षा जास्त पळवतात का?

कोच असं का करतात?

सगळा खेळ गुणांचा आहे. फायनलमध्ये पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, असं करत आठव्याला १ गुण मिळतो. हे गुण कॉलेजच्या खात्यात जातात. त्या वर्षी महिलांमध्ये अर्कान्सा ६३ गुणांनी पहिलं आलं, फ्लोरिडा ५९ गुणांनी दुसरं. त्या ५९ पैकी २० गुण एकट्या वॅल्बीचे.

म्हणजे एकच रनर दोन शर्यतींत उतरवला की संघाचं गणित बदलतं. आणि कोचचं नाव आणि नोकरी संघाच्या निकालावर चालते.

मग दोन शर्यतींनी एवढं काय बिघडतं?

फक्त दोनच असतील तर फारसं नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सिफान हसन नऊ दिवसांत सहा शर्यती पळाली आणि तीन पदकं घेऊन गेली.

खरा प्रश्न त्याआधीच्या महिन्याचा आहे. मे महिन्याच्या मध्यात कॉन्फरन्स स्पर्धा, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांशी लढत. मे अखेरीस विभागीय फेरी, जिथे ४८ पैकी फक्त १२ जण पुढे जातात. मग जूनमध्ये राष्ट्रीय स्पर्धा. तिन्हीकडे ५ आणि १० हजारांचा डबल केला तर महिनाभरात शर्यतीचेच ४५ किलोमीटर होतात. सराव वेगळाच.

त्यातही लांब पल्ल्याच्या रनरला मोकळा हंगाम नसतो. पावसाळा सरता सरता क्रॉस कंट्री, हिवाळ्यात इनडोअर, मग आउटडोअर. पाय तेच, हंगाम तीन. पुरेशी विश्रांती आणि पुरेसं खाणं मिळालं नाही, तर हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका वाढतो. मुलींमध्ये ही काळजी जास्त असते.

उदाहरणं काय सांगतात?

ऑरेगॉनचा एडवर्ड चेसेरेक २०१६ च्या इनडोअर स्पर्धेत दोन दिवसांत ५,००० मीटर, रिले आणि ३,००० मीटर जिंकला. कॉलेज कारकिर्दीत त्याची तब्बल १७ विजेतेपदं झाली. पण २०१७ चा शेवटचा आउटडोअर हंगाम पाठीच्या दुखापतीने अर्धवट राहिला. दुखापत जास्त शर्यतींमुळेच झाली, असं म्हणायला आधार नाही. मात्र सगळी भिस्त एकाच माणसावर असली की काय होतं, ते यातून दिसतं.

वॅल्बीचं उलट. दुखापतींचा अनुभव असल्याने ती आठवड्यातले मोजकेच दिवस पळायची. बाकी सराव व्यायामाच्या मशीनवर आणि पाण्यात. म्हणजे शर्यती जास्त, पण पायांवरचा रोजचा भार कमी. युजीननंतर महिन्याच्या आत ऑलिम्पिक चाचणीत तीन शर्यती पळून ती पॅरिसला पोहोचली आणि १०,००० मीटरमध्ये अकरावी आली.

आता चिंता का वाढली?

२०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज खेळांबाबत मोठा न्यायालयीन समझोता झाला. तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संघाचा आकडा ठरवून दिलाय : ट्रॅकसाठी ४५, क्रॉस कंट्रीसाठी १७. जागा मोजक्या असल्या की दोन-तीन शर्यतींत चालणारा रनर आणखी मौल्यवान ठरतो. त्याला विश्रांती देणं आणखी महाग पडतं.

थोडक्यात काय?

जूनमधला डबल हा गुन्हा नाही. अनेक रनर्सचं ते स्वप्न असतं. पण मे महिन्यात कॉन्फरन्सच्या चार-पाच जास्तीच्या गुणांसाठी थकलेल्या रनरला पुन्हा उतरवणं, ही कोचची हाव आहे.

आणि इथे 'नाही' म्हणणं सोपं नसतं. स्कॉलरशिप आणि संघातली जागा ज्याच्या हातात, त्यालाच वीस वर्षांच्या मुलीने 'सर, आज नको' कसं म्हणायचं? म्हणूनच थांबवण्याची जबाबदारी कोचची. ते जमत नसेल, तर हा अधिकार संघाच्या डॉक्टरकडे असायला हवा.