तारेची उंची

सुट्टींत त्र्यंबकास आलेल्या आमच्या नातवानें मांडीवरची हवाई गिटार घडविली. परंतु सतारीच्या सवयीनें तारा अगदीं दांडीलगत बसविल्या. पोलादी कांडी फिरवितांच खडखडाट! सतारीची तार बोटानें पडद्यावर दाबावयाची, म्हणून ती जवळ हवी. येथें दाबणें नाहीं. कांडी तारांवर नुसती टेकून सरकते. सबब अंतर सुमारें १ सेंटिमीटर असावें. शिवाय कांडी सरळ. म्हणून सर्व तारांचे माथे एका पातळींत हवेत, जाड तारेची खांच अधिक खोल. झालेलें काम उकलणें चिरंजीवांच्या जिवावर आलें. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासतांना वारंवार तार छेडून पाहतात, हें सांगितलें, तेव्हां कुठें खुंट्यांकडील आडवी पट्टी शिसवीची नवी झाली. आतां सूर लावण्यास तो माझा तंबोरा मागतो. आजवर कोणास दिला नव्हता, काल दिला.