दोन थेंब आणि एक हेडलाइन

३१ जानेवारी २०२१. हिंगोलीला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात १२ चिमुकल्यांना पोलिओ डोसऐवजी चक्क हॅण्ड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बरी झाली. पण धास्ती जिल्ह्याची हद्द बघत नाही ना!

अशा वेळी डॉक्टरसाहेब ‘नॉट रिचेबल’ असले की बातमी अर्धीच छापून येते. ‘चूक माणसांची, लसीची नाही’, हे त्याच दिवशी साध्या मराठीत त्यांनीच सांगायला हवं. आणि आम्ही पत्रकारांनी? मुलं घरी परतल्याची बातमीही तितक्याच ठळकपणे द्यायला हवी. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तो लोकांनी टाकलेल्या विश्वासामुळेच.

तेव्हा बॉस, गावाकडून वहिनीचा फोन आला, ‘बाळाला डोस द्यायचा का?’, तर फॉरवर्ड नको, डॉक्टरांशी बोलणं करून द्या!