मुंग्या गेल्या आणि चौकोन आले

विज्ञानाने मानवाचे जीवन सुखकर केले, असे आपण सारेजण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. ते खोटे नाही. पण नवे यंत्र घरात येते तेव्हा त्याची देखभाल करण्याचे ज्ञानही घरात येते, की होते तेही घराबाहेर जाते? हा प्रश्न त्या निबंधात कधी विचारला गेला नाही. दूरदर्शन संचाच्या बाबतीत तो मला वारंवार पडतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे ठिकठिकाणी सहक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतल्या घरांवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या अँटेना दिसू लागल्या. अँटेना फिरवणे हा एक कौटुंबिक कार्यक्रमच असे. एकजण पत्र्यावर, एकजण अंगणात, एकजण संचासमोर.

"आलं का?"

"मुंग्या हायेत अजून."

"आता?"

"आलं, आलं! ...गेलं. जरा मागं घ्या अण्णा!"

या संवादात हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्यातले शास्त्र पाहा. अँटेना चार बोटे फिरवली की मुंग्या कमी होत, जास्त फिरवली की वाढत. डोंगरावर आपटून आलेल्या लहरींमुळे एका माणसाची दोन माणसे दिसत. संच आपले दुखणे स्वतःच सांगत असे, आणि तेही कोणत्याही भाषेशिवाय. त्यामुळे सही करता न येणारा माणूससुद्धा चित्र लावू शकत असे.

मग काळ बदलला. केबलच्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईसह चार महानगरांची मुदत होती. पुणे, नागपूर यांसारख्या शहरांची पाळी २०१३ मध्ये आली आणि ग्रामीण भागाची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ठरली. दूरदर्शननेही आपली जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली. २०२२ पर्यंत सीमाभागासारख्या मोजक्या ठिकाणांची सोडून बाकी सारी थांबली. अँटेना कावळ्यांना बसायला उरल्या. त्यांच्या जागी तबकडी आली, जिला आमच्याकडे सरळ 'छत्री' म्हणतात.

हा बदल वाईट होता असे माझे म्हणणे मुळीच नाही. जुन्या एका वाहिनीला आकाशात जेवढी जागा लागे तेवढीत आता अनेक वाहिन्या मावतात. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' सेवा तर तबकडी आणि पेटी एकदा विकत घेतल्यावर महिन्याचा एक रुपयाही मागत नाही. गरिबाला याहून काय हवे? माझी तक्रार वेगळी आहे.

नव्या पद्धतीत चित्राचे आकड्यांत रूपांतर करून ते पाठवतात. वाटेत काही आकडे चुकले तर पेटी ते दुरुस्त करून घेते. चुका एका मर्यादेत असेपर्यंत चित्र अगदी लखलखीत. मर्यादा ओलांडली की प्रथम पडद्यावर चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो, आणि क्षणात सारे काळे. अभियंते याला कड्याची उपमा देतात. कड्याच्या टोकापासून दहा हात आत उभा असलेला माणूस आणि अगदी टोकावर उभा असलेला माणूस, दोघेही सारखेच उभे दिसतात. म्हणून उन्हाळ्यात ज्या घरचे चित्र उत्तम, त्याच घरचे पहिल्या वळवाला गडप होते. फ्री डिशच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या. जोरदार सर त्यांना शोषून घेते. मीटरच्या मापाच्या जुन्या लहरींना पावसाची फारशी पर्वा नसे. तबकडी नेमकी लागलेली असेल तर साध्या पावसात चित्र टिकते. थोडी सरकलेली असेल तर भुरभुरीतही जाते. ती सरकली आहे हे मात्र मे महिन्यात पडदा सांगत नाही.

आणि सांगतो तेव्हा काय सांगतो? 'नो सिग्नल.' इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच, त्यामुळे वाडीतल्या सहा-सात घरांचे 'नो सिग्नल' माझ्याकडे येतात. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. हे दोन शब्द दोन अगदी निराळ्या रोगांना वापरतात. पेटी आणि संच यांच्यामधली वायर निघाली असेल, किंवा लहान मुलाने रिमोटवरचे 'सोर्स'चे बटण दाबले असेल, तरी संच तेच म्हणतो. छत्री वाऱ्याने फिरली असेल तरी पेटी तेच म्हणते. यातला फरक ओळखणे सोपे आहे. पेटीच्या रिमोटवर 'मेनू' दाबावा. यादी दिसली तर पेटी व संच ठीक, बिघाड छपरावर. नाही दिसली तर छपरावर चढूच नये. हे ठाऊक नसल्यामुळे केवळ एक बटण दाबण्याचे दोनशे रुपये देणारी घरे मी पाहिली आहेत. त्यात दुरुस्तीवाल्याचा दोष नाही. तो बिचारा तालुक्याहून पेट्रोल जाळून येतो.

छपरावर चढल्यावरही जुन्या अँटेनेची सवय आड येते. अँटेना फिरवता फिरवता चित्र दिसे. पेटीला मात्र संदेश ओळखायला काही सेकंद लागतात, आणि दोन फुटी तबकडीला आकाशाचा फक्त दोन-तीन अंशांचा तुकडा दिसतो. जुन्या हाताने ती भराभर फिरवली तर उपग्रह येऊन निघूनही जातो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पश्चिम महाराष्ट्रातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. तबकडी त्या बाजूला धरून नखभर हलवायची, थांबायचे, पुन्हा नखभर. खाली बसलेल्याने मेनूतल्या दोन पट्ट्यांपैकी 'क्वालिटी'ची पट्टी पाहायची. 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी फसवी. ती शेजारच्या भलत्याच उपग्रहावरही भरलेली दिसते. वायरच्या टोकाची तांब्याची तार पाण्याने काळी पडली असेल तर, आधी पेटी बंद करून, तेवढा तुकडा कापून नव्याने जोडायचा. आग्नेयेला आंब्याची फांदी वाढली असेल तर तीही पाहायची. हे सारे मला जमते. "पोरीच्या जातीनं पत्र्यावर चढू नये" असे म्हणणाऱ्या आमच्या चुलत आजीच्या पत्र्यावरही मी चढले आहे, तिच्याच मालिकेसाठी.

कोणी म्हणेल, मालिका थोडी कमी पाहिली तर काय बिघडले? एरवी मीही तसेच म्हटले असते. पण २०२० चा जुलै आठवा. शाळा बंद होत्या. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली. ज्या घरात चांगला मोबाईल नाही त्या घरातल्या मुलाची शाळा म्हणजे तो पडदा. आणि महिना कोणता, तर ऐन पावसाळ्याचा! आमच्या वाडीत छत्री किंचित सरकलेल्या घरातल्या मुलाचा पाठ चौकोनांत विरघळत असे, आणि नीट बसवलेल्या शेजारच्या घरातल्या मुलाचा पाठ चालू राही. दोघांची पेटी एकच, आभाळही एकच. अडले होते ते मराठीत छापलेल्या एका पानावाचून.

हे अशक्य होते काय? आपल्याच देशात १९७५-७६ मध्ये 'साइट' हा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कोंबड्यांच्या जाळीच्या तबकड्या लावून थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले. महाराष्ट्र त्यात नव्हता. संच सार्वजनिक जागी असे, तो सांभाळायला गावातलाच माणूस असे आणि दुरुस्तीची व्यवस्थाही प्रयोगाचाच भाग होती. ब्रिटनने २००७ ते २०१२ या काळात जुने प्रक्षेपण बंद केले तेव्हा पंचाहत्तरीपुढच्या आणि अपंग नागरिकांच्या घरी माणूस पाठवून यंत्र बसवून देण्याची व ते कसे वापरायचे हे दाखवण्याची योजना ठेवली होती. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने दुर्गम, आदिवासी आणि सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिशच्या पेट्या मोफत देण्याची योजना मंजूर केली. तिचे स्वागतच आहे. पण प्रत्येक पेटीबरोबर तिथल्या भाषेतले एक पान द्यायला असा किती खर्च येईल? आणि 'नो सिग्नल'च्या जागी 'छत्री तपासा' किंवा 'वायर तपासा' असे मराठीत उमटवणे पेटी बनवणाऱ्यांना खरोखरच अवघड आहे काय?

ते करतील तेव्हा करतील. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी दत्तक गावी भरते. आपण बंधारे घालतो, गटारे उपसतो, रात्री पथनाट्य करतो. त्यातली एक दुपार छत्र्यांसाठी काढावी, अशी माझी कार्यक्रमाधिकारी सरांना विनंती आहे. काम करून द्यायचे नाही, घरातल्या एकाला शिकवून यायचे. शक्य तर घरातल्या बाईला, कारण दिवसा घरी तीच असते. शिबिर डिसेंबरात असते, तेव्हा आभाळ कोरडे असेल आणि सगळे "आमचं बरोबर चालतंय" असेच म्हणतील. म्हणून पडद्याकडे न पाहता पट्टीच पाहावी लागेल. पानाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे. शिडी ग्रामपंचायतीत मिळेल.